वाळीत पडलेल्या घरांचा धीर : बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती स्त्रियांचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यात ख्रिस्ती समाज पहिल्यापासून मूठभरच राहिला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार ख्रिस्ती नोंदले गेले, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्यापेक्षाही कमी. त्यांतले बहुतेक मुंबई, वसई, पुणे आणि अहमदनगर या बाजूचे. पंचवीस लाखांहून अधिक वस्तीच्या बुलढाणा जिल्ह्यात त्यांची घरे कुठे एका गल्लीत, कुठे एका आवारात, तर कुठे गावात एखाददुसरी. अशा घरातली बाई दोन्ही बाजूंनी एकटी पडत असे. बाई म्हणून तिच्यावर घरची आणि गावची बंधने होतीच. धर्म बदलल्यामुळे ती बंधने घालणारे आणि तिला सांभाळणारे, असे सगळेच तिला परके होत. तरीही या स्त्रियांनी आपला विश्वास टिकवला, मुली शिकवल्या, मंडळ्या म्हणजे गावोगावचे ख्रिस्ती समुदाय उभे ठेवले. तो धीर त्यांना मुख्यतः त्यांच्यासारख्याच दुसऱ्या स्त्रियांनी दिला. या धीराचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे.

रेल्वेच्या वाटेने आलेले मिशन

जिल्ह्याचे दोन भाग लोकांच्या तोंडी आहेत : घाटावर आणि घाटाखाली. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद ही पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले. पुढे मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून गेली आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला. खामगाव कापसाची मोठी पेठ बनले. व्यापारी, दलाल आणि सरकारी नोकर ज्या वाटेने आले, त्याच वाटेने मिशनरीही आले.

जिल्ह्याच्या दक्षिणेला, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजापासून जवळ, जालन्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात स्कॉटिश फ्री चर्चचे काम सुरू केले. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभी केली. गावाबाहेर टाकलेल्या कुटुंबांना राहायला जागा, कसायला जमीन आणि मुलांना शाळा असावी, हा त्यामागचा विचार होता. छळ म्हणजे काय, हे शेषाद्रींनी स्वतः भोगले होते. १८४३ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्याकडे येऊन राहिला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले व मुलगा वडिलांच्या ताब्यात देण्यात आला. पुढे त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मण समाजात मोठा वाद झाला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन परत घेण्याची बाजू मांडली. धर्मांतराने एका घराचे दोन तुकडे कसे होतात, हे त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

वऱ्हाडात मात्र मुख्य काम अमेरिकन ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चे झाले. मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी फुलर यांनी अकोल्यात पाया घातला. ए. बी. सिम्पसन यांनी १८८७ मध्ये अमेरिकेत स्थापलेल्या अलायन्सने अकोला हे भारतातले पहिले केंद्र केले. त्यानंतरच्या काळात खामगाव, मलकापूर आणि बुलढाणा येथे तिची ठाणी झाली. तिच्या मिशनऱ्यांत अविवाहित स्त्रिया बऱ्याच होत्या. पुरुषांना ज्या घरात पाऊल ठेवता येत नसे, तिथल्या माजघरापर्यंत त्या पोहोचू शकत. जेनी फुलर यांचे भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवरचे इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. बालविवाह, विधवांचे हाल आणि मुलींना शिक्षण नाकारणे हे त्याचे विषय होते.

दुष्काळ आणि खामगावच्या मुली

१८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाले. त्या वेळच्या हद्दीप्रमाणे बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांत ती सुमारे बारा टक्क्यांनी घटली होती. खामगाव आणि जळगाव हे तालुके तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. १९०५ मध्ये ते बुलढाण्याला जोडले गेले.

अन्नाच्या शोधात घर सोडलेली कुटुंबे रस्त्यावर आली की सर्वांत आधी मुली मागे पडत किंवा विकल्या जात. अलायन्स मिशनने या काळात मुलांसाठी अकोल्याला आणि मुलींसाठी खामगावला अनाथाश्रम चालवले. खामगावचा आश्रम हे जिल्ह्यातल्या ख्रिस्ती स्त्रीजीवनाचे पहिले मोठे केंद्र ठरले. ज्या मुलींना पुढे कोणत्याही जातीत जागा नव्हती, त्यांना तिथे जेवण, कपडा, अक्षरओळख आणि शिवणकाम मिळाले. एकमेकींची सोबत हे त्यांचे सगळ्यांत मोठे धन होते. एका पंगतीत जेवलेल्या, एका खोलीत निजलेल्या वेगवेगळ्या जातींच्या मुली हेच त्या मंडळीचे पहिले माहेर.

या व्यवस्थेला दोष नव्हते असे नाही. उपासमारीच्या काळात दिलेला आश्रय आणि दिलेला धर्म यांची सरमिसळ झाली, आणि त्यावर तेव्हापासून टीका होत आली. लहान मुलीला निवड करण्याचे वय नव्हते. मोठेपणी तिचे लग्न बहुधा मिशनच्या मध्यस्थीने ख्रिस्ती तरुणाशी ठरे. निर्णय परदेशी मिशनरी घेत, देशी स्त्रियांचे मत क्वचितच विचारले जाई. पण आश्रमाबाहेर त्या मुलींची वाट कोण पाहत होते, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. त्यांतल्याच काही पुढे शिक्षिका, परिचारिका आणि बायबलबाया झाल्या व स्वतःच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

छळाची रूपे

ख्रिस्ती झालेल्या घरावर येणारा रोष जातीप्रमाणे वेगळा असे. उच्च जातीतल्या माणसासाठी त्याच्या हयातीतच घरचे लोक अंत्यविधी करून टाकत. बायकोला माहेरी नेऊन ठेवले जाई आणि सौभाग्य असूनही तिला विधवेसारखे दिवस काढावे लागत. नवरा हिंदू राहिला आणि बायको ख्रिस्ती झाली, तर तिच्यावर घराचे दार बंद होई आणि मुले तिच्यापासून तोडली जात. मुले गमावण्याच्या भीतीने कितीतरी स्त्रियांनी मनातला विश्वास कधी उघड केला नाही.

महार आणि मांग वस्तीतल्या कुटुंबांचा छळ पोटाशी जोडलेला होता. गावचे मेलेले जनावर ओढायचे नाही, देवीच्या जत्रेत वाजवायला जायचे नाही असे त्यांनी ठरवले की बलुते बंद होई. कामावर बोलावणे थांबे, कपाशीच्या वेचणीला दुसऱ्या बायका घेतल्या जात. सार्वजनिक विहिरीवर या बायकांना आधीच जागा नव्हती. ख्रिस्ती झाल्यावर स्वतःच्या वस्तीतल्या विहिरीवरही टोमणे ऐकावे लागत. ‘बाटली’ हा शब्द पाणवठ्यावर, बाजारात, बाळंतपणात पाठीशी असे. रोटीव्यवहार तुटे, मग बेटीव्यवहार तुटे. मुलीला स्थळ मिळणार नाही आणि मेल्यावर खांदा द्यायला कोणी येणार नाही, या दोन भीतींपुढे भलेभले नमत.

गावाच्या रागामागेही कारणे होती. धर्म बदललेला माणूस परक्या राज्यकर्त्यांच्या बाजूला गेला असे लोकांना वाटे. आईबापांना मुलगी जिवंतपणी हरवल्याचे दुःख होई. काही मिशनऱ्यांनी लोकांच्या देवतांबद्दल वापरलेल्या कठोर भाषेने जखमा केल्या. ही कारणे समजून घेतल्यावरही एक गोष्ट उरते : या सगळ्याची किंमत सर्वांत जास्त त्या बाईला चुकवावी लागली, जिने कोणाचेही वाईट केले नव्हते.

बायबलबाई

या स्त्रियांना धीर देण्याचे काम करणारा एक पेशाच महाराष्ट्रात तयार झाला, तो म्हणजे घरोघर जाऊन बायकांना बायबल सांगणाऱ्या बायबलबाईचा. मिशन तिला थोडा पगार देई, आणि त्यासाठीचे पैसे बहुधा परदेशातल्या मंडळ्यांतून येत. ती अनेकदा विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली असे. सकाळी एखादी सोबतीण घेऊन, पिशवीत शुभवर्तमानाची पुस्तके आणि चित्रे घालून ती निघे. वाड्यांतल्या बायकांना दुपारची जेवणे उरकल्यावर वेळ असे, मजुरी करणाऱ्या बायका संध्याकाळी घरी भेटत. त्याप्रमाणे तिचा दिवस आखलेला असे. आठवडी बाजाराला गावोगावच्या बाया येत, तेव्हा तिथेही ती बसे.

तिचे काम उपदेशापुरते नव्हते. ती वाचायला शिकवी, पत्र लिहून देई आणि आलेले वाचून दाखवी, आजाऱ्याला दवाखान्यात नेई, बाळंतिणीजवळ बसे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरात तिच्या येण्याला आणखी अर्थ होता. ज्या घराशी गावातले कोणी बोलत नाही, तिथे आठवड्यातून एकदा एक बाई येते, बसते, पाणी पिते, बायकांची चौकशी करते, एवढ्यानेच बहिष्काराची धार बोथट होई. जुन्या ख्रिस्ती घरातली बाई नव्या घरातल्या बाईला सांगे, की हे दिवस आम्हीही काढले आणि ते जातात. अनुभवातून आलेल्या या शब्दाला कोणत्याही प्रवचनापेक्षा अधिक वजन होते.

बायबलबाईला स्वतःला कमी त्रास झाला नाही. तिच्यावर शेण-माती फेकली जाई, दारातून हाकलले जाई, एकटी हिंडणारी बाई म्हणून तिच्या चारित्र्याविषयी बोलले जाई. म्हणून तिच्या शिक्षणाबरोबर तिला आधार देणेही गरजेचे होते. सुंदराबाई पवार यांनी पुण्यात चालवलेले झनाना प्रशिक्षणगृह हे या दृष्टीने महत्त्वाचे. सुंदराबाई या मराठी ख्रिस्ती कार्यकर्त्या. अफूच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी इंग्लंडमध्ये जाऊन भाषणे दिली होती. घरोघर जाऊन शिकवणाऱ्या स्त्रियांना देशी बाईनेच तयार करावे, हा त्यांचा आग्रह होता. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशननेही असे शिक्षण दिले.

केडगाव आणि नगर : दोन उदाहरणे

वऱ्हाडातल्या ख्रिस्ती स्त्रियांसमोर दोन मराठी बायकांची आयुष्ये आदर्श म्हणून उभी राहिली.

पहिली पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन सुरू केले आणि १८९० मध्ये ते पुण्याला नेले. तिथे मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाईंची खोलीही उघडी असे आणि ज्या मुलीला त्यांच्या प्रार्थनेला यावेसे वाटे ती येई. १८९३ मध्ये यावरून वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेचा भडिमार केला, रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या समाजसुधारकांनी त्यांना उचलून धरले होते, तेही दूर गेले. रमाबाई मागे हटल्या नाहीत. उरलेल्या मुलींना घेऊन त्यांनी काम चालू ठेवले.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या ऐकून त्या तिकडे गेल्या आणि शेकडो बायका-मुली घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या शेतावर उभ्या राहिलेल्या मुक्तिसदनात १९०० च्या सुमारास जवळजवळ दोन हजार स्त्रिया व मुली होत्या. विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणी, छापखाना असे अनेक धंदे तिथे बायकाच चालवत. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच जुळवले. ते काम रमाबाईंच्या ५ एप्रिल १९२२ रोजी झालेल्या मृत्यूनंतर छापून पूर्ण झाले. टाकलेल्या बाईने आधार मागत बसू नये, तिने आधार देणारी व्हावे, हा रमाबाईंचा धडा गावोगावच्या मंडळ्यांत पोहोचला.

दुसरी लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ही बातमी म्हणजे आकाश कोसळल्यासारखी होती. लहान मुलाला घेऊन जवळजवळ पाच वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या, त्यांतला काही काळ पंढरपुरात गेला. पुढे त्या पतीकडे गेल्या, तरी त्यांची चूल वेगळी राहिली आणि सोवळे-ओवळे चालू राहिले. जातिभेद माणसांनीच निर्माण केला आहे, असा विचार स्वतःच करत त्यांनी तो सोडला, आणि त्यानंतर १९०० मध्ये राहुरी येथे बाप्तिस्मा घेतला. कोणी लादले म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, हे त्यांच्या आयुष्याचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य. नगरमध्ये त्यांनी प्लेगच्या रुग्णांची सेवा केली आणि निराधार मुलांना आपल्या घरात घेतले. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेली ‘स्मृतिचित्रे’ ही त्यांची आत्मकथा साऱ्या मराठी वाचकांनी आपली मानली. ख्रिस्ती बाईची कहाणी मराठी साहित्याच्या मध्यभागी आली आणि गल्लीतल्या एकट्या घराला आपण परके नाही असे सांगणारे एक मोठे पुस्तक मिळाले.

गाणे, सभा, वाचन

धीर टिकवण्याच्या काही रीती या समाजात रुजल्या. त्यांतली पहिली गाण्याची. वऱ्हाड हा भजनाचा प्रदेश. टाळ-मृदंगाच्या आवाजात बायका वाढलेल्या. परदेशी चालींतली गीते त्यांच्या गळ्यात नीट बसत नसत. टिळकांनी अभंग, ओवी आणि पदांच्या रूपात ख्रिस्ती गीते लिहिली, कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, आणि अक्षर न येणाऱ्या बाईलाही आपला विश्वास पाठ म्हणता येऊ लागला. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक घरोघर गेले. चुलीपाशी, दळताना, आजाऱ्याच्या उशाशी ही गीते म्हटली जात. एकट्या घरात उपासना चालू राहिली, त्याचे मोठे श्रेय या पाठ झालेल्या गीतांना आहे.

दुसरी रीत बायकांच्या स्वतंत्र प्रार्थनासभेची. आठवड्यातून एकदा, बहुधा दुपारी, पाळकबाई किंवा मंडळीतल्या वडीलधाऱ्या बाईच्या पुढाकाराने बायका एका घरी जमत. प्रत्येकीने आपली साक्ष द्यायची, म्हणजे आपल्यावर काय आले आणि त्यातून आपण कसे सावरलो ते उभे राहून सांगायचे, हा सभेचा गाभा. ज्या बाईने घरातही कधी तोंड उघडले नव्हते, ती इथे बोलायला शिके. सभेच्या शेवटी धान्याची मूठ किंवा चार आणे गोळा होत आणि अडलेल्या घराला दिले जात. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरातल्या ख्रिस्ती स्त्रिया पाळतात तो जागतिक प्रार्थनादिनही मराठी मंडळ्यांत पाळला जाऊ लागला. त्या दिवशी दूरच्या एखाद्या देशातल्या स्त्रियांनी तयार केलेली प्रार्थना म्हणताना खेड्यातल्या बाईला आपल्या संख्येची खंत उरत नसे.

तिसरी रीत वाचनाची. १८४२ मध्ये सुरू झालेला ‘ज्ञानोदय’ आणि मुलांसाठी १८७० च्या दशकात निघालेला ‘बालबोधमेवा’ ही नियतकालिके पोस्टाने येत. त्यांत इतर गावांतल्या मंडळ्यांची खबर, मृत्यूच्या नोंदी, शाळांची माहिती असे. बाबा पदमनजींचे १८५७ मधले ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या दुःखावर होते आणि ते ख्रिस्ती घरांत आवर्जून वाचले जाई. लेखन आणि वाचन ही या स्त्रियांसाठी चैन नव्हती. पुढच्या पिढीतल्या ज्या मुली शिक्षिका आणि परिचारिका झाल्या, त्यांची वाट इथूनच निघाली. पगार मिळवणाऱ्या मुलीला वाळीत टाकणे गावालाही अवघड जाऊ लागले.

कायद्याने काय दिले, काय घेतले

इंग्रजी अमलात तीन कायदे महत्त्वाचे ठरले. १८५० च्या कायद्याने धर्म किंवा जात बदलल्यामुळे मालमत्तेचा व वारशाचा हक्क जाऊ नये असे ठरवले. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाच्या कायद्याने, ज्या ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार धर्मामुळे तिच्याबरोबर राहायला तयार नाही, तिला न्यायालयात जाण्याची वाट दिली. न्यायालय जोडीदाराला बोलावून विचारी, एक वर्ष थांबे आणि मग निर्णय देई. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने लग्नाची नोंद आणि पद्धत निश्चित झाली. कागदावर ही साधने चांगली होती, पण न्यायालयापर्यंत जाण्यासाठी लागणारा पैसा, सोबत आणि अक्षरओळख फार थोड्या बायकांपाशी होती.

वारशाच्या बाबतीत ख्रिस्ती मुलीची स्थिती बरी राहिली. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार वडिलांच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. वडिलोपार्जित कुटुंबसंपत्तीत हिंदू मुलीला असा हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या सुधारणेने आणि देशभर २००५ मध्ये मिळाला. घटस्फोटात मात्र ख्रिस्ती बाई मागे होती. १८६९ च्या कायद्यानुसार नवऱ्याला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते; पत्नीला व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी काहीतरी सिद्ध करावे लागे. ही विषमता २००१ च्या दुरुस्तीने दूर झाली.

स्वतंत्र भारताच्या कायद्यांनी काही दारे उघडली आणि काही लावली. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपल्या विवेकाप्रमाणे धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला. दुसरीकडे १९५५–५६ च्या हिंदू कायद्यांत जोडीदाराचे धर्मांतर हे घटस्फोटाचे कारण ठरले. धर्म बदललेल्या पत्नीला हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली वेगळे राहून पोटगी मागता येत नाही आणि नैसर्गिक पालक म्हणून तिचा हक्क राहत नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत असलेली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आलेली पोटगीची तरतूद मात्र धर्म न पाहता लागू आहे, आणि टाकलेल्या बाईला तिचा आधार घेता येतो.

दलित ख्रिस्ती बाईचे नुकसान आणखी मोठे झाले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी जवळजवळ फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे अनुसूचित जातींसाठीच्या राखीव जागा, शिष्यवृत्ती आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण यांपासून ती दूर राहिली. गावात तिची जुनी ओळख कोणी विसरले नाही, सरकारदरबारी मात्र ती पुसली गेली.

नियोगी समिती आणि पुढचा काळ

स्वातंत्र्यानंतर बुलढाणा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. १४ एप्रिल १९५४ रोजी त्या राज्याच्या सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. १९५६ मध्ये आलेल्या तिच्या अहवालात शाळा, दवाखाने आणि परदेशी पैसा यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो असा ठपका होता. ख्रिस्ती संघटनांनी ही चौकशी एकतर्फी असल्याचे सांगितले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, त्यामुळे मध्य प्रदेशचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य कायदा इथे लागू झाला नाही. पण अहवालाचा परिणाम मनांवर झाला. ख्रिस्ती माणूस म्हणजे पैशासाठी वळलेला, ही समजूत पक्की झाली आणि तिचे टोमणे बायकांनी बाजारात ऐकले. ज्यांच्या आज्या-पणज्या ख्रिस्ती होत्या, त्यांनाही आपण याच मातीतल्या आहोत हे सिद्ध करत राहावे लागले.

१९५६ मध्ये नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारल्यावर जिल्ह्यातल्या बहुसंख्य महार कुटुंबांनी तो मार्ग घेतला. जातीच्या अपमानातून बाहेर पडण्याची वाट आता ख्रिस्ती मंडळीपेक्षा मोठ्या समुदायात मिळू लागली, आणि ख्रिस्ती घरे आणखी विरळ झाली. परदेशी मिशनरी हळूहळू गेले. मंडळ्यांचा कारभार मराठी पाळक आणि पंच यांच्याकडे आला, आणि पंचांच्या बैठकीत नसली तरी रोजच्या कामात बाई पुढे राहिली. विविध मिशनांच्या एकत्रित प्रयत्नाने १९५३ मध्ये विदर्भातल्याच यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि ती पुढे पुण्याला गेली.

आजच्या काळात छळाची रूपे बदलली आहेत. घरगुती प्रार्थनासभेवर संशय घेतला जातो, बाहेरून माणसे येऊन विचारणा करतात, भाड्याने खोली मिळत नाही, शाळेत मुलांना चिडवले जाते. अशा वेळी बाईजवळ काही साधने आहेत. धार्मिक सभेत अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. १९९२ च्या कायद्याने राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोग स्थापन झाला आणि ख्रिस्ती समाजाला त्याखाली अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली. राज्यातही अल्पसंख्याक आयोग आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा अधिनियम ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तो मुख्यतः जातपंचायतींच्या जाचासाठी केलेला असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पोलीस ठाण्यात जाताना सोबत एखादी वकील स्त्री किंवा मंडळीतल्या दोन बायका असल्या, की तक्रार नोंदवणे सोपे जाते. शंभर वर्षांपूर्वी बायबलबाई सोबतीण घेऊन निघत असे, त्यामागे हाच अनुभव होता.

या इतिहासातून काही गोष्टी स्पष्ट होतात. बहिष्काराचे खरे शस्त्र एकटेपणा हे आहे, आणि त्यावरचा पहिला उपाय सोबत हा आहे. खामगावच्या आश्रमातल्या मुली, दारोदार फिरणाऱ्या बायबलबाया, केडगावचे मुक्तिसदन, लक्ष्मीबाईंचे पुस्तक, दुपारची प्रार्थनासभा, या सगळ्यांनी तीच गोष्ट वेगवेगळ्या रीतीने केली. दुसरे, ज्या बाईला वाचता येते आणि कमावता येते, तिला नमवणे कठीण असते. म्हणून मुलींचे शिक्षण हे या समाजाचे सर्वांत टिकाऊ संरक्षण ठरले. तिसरे, धीर तोच देऊ शकतो जो स्वतः भोगून बाहेर पडला आहे. परदेशी मिशनरीने शाळा उभारली, कायद्याने हक्क लिहून दिला. पण संकटाच्या रात्री दार वाजवून आत आली ती बहुधा त्याच गल्लीतली, तेच सोसलेली बाई. धर्मस्वातंत्र्याची हमी घटनेने दिली आहे, आणि ती प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी सरकारइतकीच शेजाऱ्यांचीही आहे. ज्या गावात वेगळ्या विश्वासाची बाई निर्धास्त पाणी भरते, आजारपणात तिच्याकडे कोणीतरी धावून येते आणि तिच्या मुलीला वर्गात कोणी वेगळे बसवत नाही, त्या गावात धीर देण्यासाठी वेगळी माणसे नेमावी लागत नाहीत.